चौसष्ट गाद्या

कुठेही बसण्याआधी काका जागा तळहाताने दाबून बघत. दवाखान्यातलं बाकडं असो नाहीतर पाहुण्यांकडचा सोफा. दाबून झालं की मान हलवत. ती मान बहुतेक वेळा सांत्वनाची असे.

शर्टाच्या कॉलरला आतून दाभण टोचलेलं असे. "यांना मिठी मारायची तर आधी झडती घ्यावी लागते," काकू म्हणत.

संध्याकाळी ते काकूंच्या कंगव्याने भुवया विंचरत. भुवयांत कापूस अडकलेला असे.

बूट महागाचे वापरत. जोड एकच, पण असा चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा.

चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत. दानाची थैली आली की बंद मूठ आत घालत आणि आत गेल्यावर उघडत. शेजारच्यालाही नोट दिसत नसे.

"देवाची कृपा" हे शब्द सतत त्यांच्या तोंडात. दात शाबूत आहेत, देवाची कृपा. झोप लागते, देवाची कृपा. फक्त कुणी धंद्याबद्दल विचारलं की म्हणत, "चाललाय." एवढंच. हे माझ्या लक्षात आलं होतं. का, ते विचारायचं मला सुचलं नाही.

त्यांना सगळे उंटकाका म्हणत. नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. एका रविवारी उपासनेत पाठ वाचला गेला, श्रीमंत माणसाने स्वर्गात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं. पाळकांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "पाळकसाहेब, उंट हजर आहे. सुईपण त्याच्याच घरची आहे. नाक तेवढं मोठं करून मिळेल का?" मंडळी खो खो हसली. काका गाद्या करत. गादीचं दाभण वीतभर लांब असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय काका उंचीने माझ्या कानापर्यंतच येत, त्यामुळे ते नाव आणखीच चिकटलं.

श्रीमंत ते खरंच होते. शहराच्या टोकाला त्यांचा कारखाना होता. साठ माणसं कामाला. आता तिथे स्प्रिंगच्या आणि फोमच्या गाद्या होतात. कारभार मुलगा बघतो. पण घरामागची जुनी शेड काकांनी मोडू दिली नव्हती. त्या शेडवरची खोली मी चार वर्षांपूर्वी भाड्याने घेतली. साहित्यात एमए केलं होतं आणि नोकरी नव्हती. घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासत होते.

पहिल्याच दिवशी काका वर आले. माझा पलंग दाबला.

"ही गादी आहे की चादर?"

"चालतं मला."

"तुला चालेल. पाठीला विचारलंस का?"

दुसऱ्या दिवशी नवी गादी आली. मी पैशांचं विचारलं तर म्हणाले, "भाडेकरूची पाठ मोडली तर भाडं कोण देणार? माझ्या फायद्याचं बघतोय मी." तेव्हापासून ते मला एमए म्हणू लागले. "काय एमए, आज किती पानं?" मी प्रुफं घेऊन खाली शेडमध्ये बसू लागले. ते काही ना काही शिवत असत. आमच्यात चाळीस वर्षांचं अंतर होतं. मैत्री व्हायला ते आड आलं नाही.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. आईवडील लहानपणीच गेले. मामाने वाढवलं आणि एकोणिसाव्या वर्षी एक हातगाडी देऊन मोकळं केलं. काका दारोदार जात. लोकांच्या जुन्या गाद्या अंगणातच उसवत, कापूस वेताच्या छडीने झोडून मोकळा करत, नव्या खोळीत भरून पुन्हा शिवून देत. गल्लीतली पोरं शिंकत मागे फिरत.

"कापूस वाईट नसतो, एमए," ते एकदा म्हणाले. "दाबून ठेवला की त्याचा दगड होतो. मोकळा केला की पुन्हा कापूस. पैशाचंही तसंच."

मी प्रुफाच्या कडेला ते लिहून घेतलं. त्यांनी पाहिलं.

"लिहू नकोस. मी हे नुसतं बोललोय. करून पाहिलेलं नाही."

मला तो विनय वाटला.

त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एक रविवार साक्षीचा असतो. मंडळीतल्या एखाद्या वर आलेल्या माणसाला पुढे बोलावतात. देवाने आपल्याला कसं उचललं ते त्याने सांगायचं. काकांनी वीस वर्षं चुकवलं होतं. कधी ताप येई, कधी बाहेरगावचं काम निघे. दोन वर्षांपूर्वी चर्चचं छत नवं झालं. पैसे कुणाचे ते खजिनदाराला माहीत होतं, म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. मंडळीचे प्रमुख घरी आले.

"उंटसाहेब, या वर्षी ताप चालणार नाही. मी थर्मामीटर घेऊन येणार."

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? दोन वाक्यं बोला आणि खाली बसा," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी मला लिहून द्यायला सांगितलं. मी पानभर लिहिलं. हातगाडीपासून कारखान्यापर्यंत. चांगलं झालं होतं. त्यांनी घडी करून खिशात घातलं.

त्या रविवारी मीही गेले. मी त्या धर्माची नाही. पण माझं लेखन होतं, म्हणून पुढे बसले. काका उभे राहिले. कागद काढला, पाहिला, पुन्हा घडी घातली. मग बोलले. आवाज मोठा नव्हता.

"एकतीस वर्षांपूर्वी मला पहिलं मोठं काम मिळालं. मुलींच्या वसतिगृहाच्या चौसष्ट गाद्या. भाव ठरला आणि कापूस महागला. माझ्याकडे लोकांच्या जुन्या गाद्यांतला कापूस पडला होता. मी वर चार बोटं नवा घातला. पोटात जुना. पैसे सगळ्या नव्याचे घेतले. कुणाला कळलं नाही. त्या पैशांतून पिंजायचं यंत्र घेतलं. त्या यंत्रावर कारखाना उभा राहिला. तुम्ही याला आशीर्वाद म्हणता. मला म्हणवत नाही."

ते थांबले. खोकले.

"मी शिक्षेची वाट बघत होतो. वाटलं, बुडेन. बुडालो असतो तर फिटलं असतं. पण मिळतच गेलं. दर वर्षी जास्त. चोराला रोज कुणी जेवायला वाढावं, तसं. ज्याचं चोरलं त्याच्याच घरी. तो घास कसा उतरतो, ते तुम्हाला नाही सांगता येणार."

एवढं बोलून ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. प्रमुखांनी सवयीने टाळी वाजवली. एकच. दुसरी वाजलीच नाही.

मी लिहिलेलं पान त्यांच्या खिशात होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी सगळं पान खोटं होतं.

बाहेर पायऱ्यांवर घोळके झाले. "अहो, धंद्यात एवढं तेवढं चालायचंच." "कोण करत नाही?" खजिनदाराची बायको हळूच नवऱ्याला म्हणाली, "आपली गादी कोणत्या साली घेतली हो?"

पाळक तरुण होते, मनाने चांगले. त्यांनी काकांचा हात धरला. "काका, ज्या क्षणी तुम्ही कबूल केलंत त्या क्षणी क्षमा झाली. आता मनाला लावून घेऊ नका."

"क्षमा झाली असेल, पाळकसाहेब. गाद्या नाही झाल्या."

दुपारी घरी मुलगा आला. तो दारातूनच बोलत आला.

"बाबा, शहरभर झालंय. उंटाच्या गाद्यांत जुना कापूस, म्हणतायत लोक. हॉटेलवाल्यांचा फोन आला होता."

"काय म्हणाले?"

"विचार करून सांगतो म्हणाले. म्हणजे नाही म्हणाले." तो खुर्चीत बसला. "मला एक सांगा. देवाला मान्य नसतं तर हे एवढं टिकलं असतं?"

"टिकलं म्हणूनच तर विचारात पडलोय."

"बरं. चौसष्ट गाद्या ना? वसतिगृहाला नव्या देऊन टाकू. मशीनवर दोन दिवसांत होतील."

"त्या गाद्यांवर आज कोण झोपतंय? त्या केव्हाच फेकल्या गेल्या. झोपल्या त्या मुली वेगळ्या. त्यांना द्यायच्या."

"त्या आता पन्नाशीच्या बायका असतील!"

"असतील. पन्नाशीत तर पाठ जास्त दुखते."

"मग मशीनवर करतो आणि टेम्पोने पाठवतो."

"ते तुझं काम होईल. माझं नाही."

"पैसे द्या मग. तिप्पट द्या, चौपट द्या. मी नाही म्हणणार नाही."

"पैसे माझ्याकडे खूप आहेत रे. खूप आहे त्यातलं उचलून दिलं, तर मी काय दिलं?"

"मग कमी काय आहे तुमच्याकडे?" काकूंनी विचारलं.

त्यांना खोकला आला. बराच वेळ थांबला नाही. उत्तर काकूंना कळलं, मलाही कळलं. आदल्या वर्षीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीत पन्नास वर्षांचा कापूस बसलाय, आता कापसाच्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. तेव्हापासून ते शिवत होते ते फक्त खोळी आणि उशांचे अभ्रे. गादी भरायची म्हणजे कापूस मोकळा करायचा. धूळ उडणारच. चौसष्ट वेळा.

काकू तीन दिवस बोलल्या नाहीत. ताट समोर ठेवून जात. चौथ्या दिवशी शेडमध्ये आल्या. हातात जुन्या सुती कापडाचे सहा मास्क होते, घरी शिवलेले.

"मरायचंच असेल तर नाकाला फडकं बांधून मरा."

काकांनी एक बांधलं. "घट्ट होतंय."

"होऊ दे. बोलणं तरी कमी होईल."

नावं मिळवायचं काम माझ्याकडे आलं. वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंनी आधी मला वेड्यात काढलं. मग माळ्यावरून त्या वर्षीचं प्रवेशाचं रजिस्टर काढून दिलं. चौसष्ट मुली, चौसष्ट गावं, बापाचा धंदा, अंगावरची खूण. मी दोन दिवस बसून उतरवून घेतलं. बऱ्याच जणींची लग्नं होऊन नावं बदलली होती. एकीवरून दुसरीचा पत्ता लागत गेला.

मग पत्र. मी दीड पान लिहिलं. काळाचा ओघ, मनातलं शल्य, असं सगळं होतं. त्यांनी मला वाचायला लावलं. डोळे मिटून ऐकलं.

"यात गादी कुठे आहे?"

"दुसऱ्या पानावर."

"म्हणजे तूही वर नवा कापूस घालतेस." त्यांना हसू आलं, मग खोकला. "लिही. एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही वसतिगृहात ज्या गादीवर झोपलात ती मी केली होती. आत जुना कापूस भरून नव्याचे पैसे घेतले. तुमच्यासाठी नवी करतो आहे. पलंगाचं माप कळवा."

"एवढंच?"

"आणि काय? बाई कामात असेल."

पहिली गादी व्हायला सहा दिवस लागले. तरुणपणी ते दिवसाला तीन करत. आता पद्धत वेगळी होती. सात टाके घालायचे आणि थांबायचं. भिंतीला टेकायचं, श्वास परत येईपर्यंत. मग पुढचे सात. मी प्रुफं तपासायचं सोडून टाके मोजत बसे. कुणाला हात लावू देत नसत. कारखान्यातले दोन जुने कारागीर एकदा आपणहून आले. काकांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

गादी द्यायला आम्ही दोघं जात असू. ते टेम्पोत पुढे बसत, मी मागे गादीवर.

पहिली बाई शाळेची मुख्याध्यापिका होती. तिने पत्र हातात धरूनच दार उघडलं. "अहो, मला तर तिथे इतकी गाढ झोप लागायची! घरी आम्ही पाच बहिणी एका सतरंजीवर झोपायचो. पहिल्यांदा एकटीची गादी मिळाली होती." काकांचा चेहरा पडला. त्यांना शिव्या हव्या होत्या. ती खाऊ घालत होती.

एकीने दार अर्धंच उघडलं. "काही विकायला आलात का?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला सांगू नका. तो म्हणेल, पैसेच का नाही मागितलेस." गादी मात्र आत ओढून घेतली.

एक बाई फार मोठ्या घरात राहत होती. पलंग असा की त्यावर आमची गादी पोस्टाच्या तिकिटासारखी दिसली असती. तिने काकांना बसवलं. पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "मी औषधांचा व्यापार करते. मलाही एक यादी करावी लागेल." काकांनी तिला उपदेश केला नाही. म्हणाले, "पत्र लिहायला ही एमए आहे. पण आधी तिला दोनदा खोडायला लावा."

एकीच्या घरी आम्हाला ऐकूनही घ्यावं लागलं. ती परिचारिका होती, आता वाकून चालायची. "त्या गादीत गाठी होत्या," ती म्हणाली. "दोन वर्षं मी गाठींवर झोपले. अधीक्षिकेला सांगितलं तर म्हणाली, राजकन्या आहेस का. तेव्हापासून मी कधी कुणाकडे कशाची तक्रार केली नाही. नवऱ्याकडे नाही, हॉस्पिटलमध्ये नाही. वाटायचं, आपलंच चुकत असेल." ती रडत नव्हती. "गाठी खऱ्या होत्या ना?"

"खऱ्या होत्या," काका म्हणाले. "मी घातल्या होत्या."

तिने गादीवरून हात फिरवला. मग गादीच्या कडेला बसली. "पुन्हा सांगा," म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

परत येताना ते टेम्पोत पुढे न बसता मागे माझ्याजवळ बसले. खाली नुसता पत्रा होता. मी कॉलेजात दुःखावर आणि पापावर खूप वाचलं होतं, पेपरही लिहिले होते. त्या पत्र्यावर बसून मला एक वाक्य आठवेना.

दीड वर्षात एकेचाळीस गाद्या गेल्या. सातांचे पाच टाके झाले. पाचांचे तीन. हॉटेलचं काम परत आलं नाही. कारखान्याची एक पाळी बंद झाली. मुलाने माणसं काढली नाहीत, स्वतःची गाडी विकायला काढली. त्याबद्दल तो वडिलांना काही म्हणाला नाही आणि वडिलांनी विचारलं नाही. पण एका सकाळी शेडच्या दारात सर्वात चांगल्या प्रतीच्या कापसाच्या दहा गासड्या येऊन पडल्या. वर चिठ्ठी होती, "धुऊन, धूळ काढून घेतलाय. तरी फडकं बांधा."

काकांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग काकूंना हाक मारून वाचायला दिली.

त्याच आठवड्यात कुणीतरी रस्त्यात विचारलं, "काय उंटकाका, धंदा कसा काय? बसला म्हणे." मी शेजारी होते.

"बसला थोडा," ते म्हणाले. "देवाची कृपा."

बेचाळिसावी गादी एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंची होती. त्या एकट्या राहतात, लांब. त्यांनी माप कळवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "माझा पलंग खिडकीजवळ होता. गादी आठवत नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत. पाठ फार दुखते. लवकर आणा. वाट बघते."

मंगळवारी काकांनी खोळ भरली आणि तिसरी बाजू शिवायला घेतली. तीन टाके, थांबायचं. तीन टाके, थांबायचं. दुपारी मी प्रूफ द्यायला बाहेर गेले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते भिंतीला टेकलेले होते. काकूंना वाटलं, श्वास परत यायची वाट बघतायत. त्या कप हातात धरून उभ्या राहिल्या.

दफन झालं. मंडळीचे प्रमुख बोलले, पाळक बोलले. मुलगा बोलायला उभा राहिला आणि तसाच खाली बसला.

यादीत तेवीस नावं उरली आहेत. सात जणींचे पत्ते अजून लागलेले नाहीत. शेडला कुलूप नाही. बेचाळिसावी गादी जमिनीवर तशीच आहे. दोन बाजू पुऱ्या शिवलेल्या, तिसरी निम्मी. दोऱ्यातून दाभण कुणी काढलेलं नाही. मुलगा रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी दारात येऊन उभा राहतो. आत येत नाही. काकू विचारतात, "त्या बाईंना काय कळवलंस?"

मी कागद घेऊन बसते. तीन ओळी हव्यात. अजून एकही झालेली नाही.